भौतिकोपचारकाची उमेदवारी : लंडन, मुंबई आणि शेंदूरजनाघाट

एखाद्या व्यवसायाचा इतिहास सामान्यतः त्याच्या संस्थांच्या स्थापनेचे सन, त्याच्या धुरीणांची नावे आणि त्याला मान्यता देणारे कायदे यांच्या आधारे लिहिला जातो. या पद्धतीने व्यवसायाची बाह्य वाढ स्पष्ट होते. परंतु शिक्षण पुरे करून नुकताच बाहेर पडलेला मनुष्य आपल्या पहिल्या रुग्णासमोर कोणत्या अधिकाराने उभा राहतो, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. भौतिकोपचार, म्हणजे लोकव्यवहारात जिला फिजिओथेरपी म्हणतात ती चिकित्सा, हिच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. औषध न देता व शस्त्र न लावता, केवळ हात, व्यायाम, उष्णता व विद्युत यांच्या साहाय्याने चालणारा हा व्यवसाय आरंभापासून वैद्याच्या लेखी आज्ञेशी बांधला गेला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून रुग्णास हात लावावयाचा नाही, हा त्याचा पहिला नियम होय. या नियमाचा उगम कोठे झाला, तो महाराष्ट्रात कोणत्या मार्गाने आला, आणि वऱ्हाडातील शेंदूरजनाघाटासारख्या गावी नवख्या भौतिकोपचारकावर त्याचा काय परिणाम होतो, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

१. चिठ्ठीच्या नियमाचा उगम

व्यायामाचा उपचार म्हणून पद्धतशीर उपयोग करण्याचे श्रेय सामान्यतः स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांस दिले जाते. त्यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची राजकीय मध्यवर्ती संस्था स्थापन केली. लिंग हे वैद्य नव्हते. तलवारबाजी व शरीरशिक्षण हे त्यांचे क्षेत्र होते. यामुळे त्यांच्या शिष्यांचा आणि वैद्यवर्गाचा संबंध दीर्घकाळ सहकार्याचा व स्पर्धेचाही राहिला. उपचाराचा हात आणि निदानाचा अधिकार एकाच व्यक्तीपाशी असावा की नसावा, हा वाद येथूनच सुरू होतो.

या वादाचा निकाल इंग्लंडमध्ये एका सामाजिक घटनेने लावला. १८९४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने लंडनमधील मालिशगृहांच्या नावाखाली चालणाऱ्या अनैतिक व्यवहारांवर प्रकाश टाकला. प्रामाणिकपणे मालिशचे काम करणाऱ्या परिचारिकांची अब्रू त्यामुळे धोक्यात आली. रोझलिंड पॅजेट आदी चार स्त्रियांनी त्याच वर्षी प्रशिक्षित मालिशकारिणींची एक संस्था स्थापन केली. तिचे नियम लक्षात घेण्याजोगे आहेत. वैद्याच्या आदेशावाचून मालिश करू नये. पुरुषांस सर्वांगाची मालिश करू नये. वैद्यकीय नियतकालिकांखेरीज अन्यत्र जाहिरात करू नये. रुग्णास औषधे विकू नयेत. या नियमांत रोगाच्या निदानाविषयी एकही शब्द नाही, ही गोष्ट डोळ्यांत भरते. चिठ्ठीचा नियम वैद्यकशास्त्राच्या गरजेतून जन्मलेला नसून, स्त्रियांच्या एका नव्या व्यवसायाची प्रतिष्ठा राखण्याच्या गरजेतून जन्मला होता. वैद्याची सही म्हणजे त्या काळी चारित्र्याची हमी होती.

पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या पुनर्वसनामुळे या व्यवसायास मोठी चालना मिळाली आणि १९२० साली त्या संस्थेस राजसनद प्राप्त झाली. १९५१ साली कोपनहेगन येथे भौतिकोपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला. तोपर्यंत मूळ कारण विस्मृतीत गेले होते. नियम मात्र व्यवसायाच्या घटनेचा भाग होऊन बसला होता. पुढे भारतात जे शिक्षण आले ते या नियमासह आले.

२. मुंबई : रुग्णालयाच्या छत्राखाली

भारतात भौतिकोपचाराच्या संघटित शिक्षणास पोलिओने भाग पाडले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबईत या रोगाने पंगू झालेल्या मुलांसाठी कोणतीही स्वतंत्र सोय नव्हती. आपल्या मुलीस पोलिओ झाल्यानंतर फातिमा इस्माईल यांनी मद्रासचे डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे तिच्यावर उपचार करविले, आणि त्या अनुभवातून १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी एक चिकित्सालय सुरू केले. १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराच्या शिक्षणाचा पाया घातला. त्यानंतर थोड्याच काळात, १९५३ च्या सुमारास, त्याच रुग्णालयात भारतातील पहिले भौतिकोपचार विद्यालय उघडले. केंद्र सरकार, मुंबई राज्य, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याचे ते फळ होते. १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था अस्तित्वात आली, आणि त्याच वर्षी भारतीय भौतिकोपचारकांची संघटनाही स्थापन झाली. १९६७ साली ही संघटना जागतिक महासंघाशी संलग्न झाली.

या काळातील नवख्याची स्थिती कशी असे, हे त्याच्या शिक्षणाच्या स्वरूपावरून समजते. शिक्षण मोठ्या रुग्णालयात होई आणि नोकरीही बहुधा मोठ्या रुग्णालयातच मिळे. रुग्ण वॉर्डातून येई. त्याच्यासमवेत कागदपत्रे, क्ष-किरणचित्र आणि अस्थिशल्यज्ञाचा आदेश येई. कोणत्या सांध्यास किती हालचाल द्यावयाची, पायावर भार केव्हा टाकू द्यावयाचा, हे बहुतांशी आधीच ठरलेले असे. शंका आल्यास वरिष्ठ त्याच मजल्यावर उपलब्ध असत. नवख्याच्या हातून होणाऱ्या चुकांवर या व्यवस्थेने स्वाभाविकच मर्यादा घातली. स्नायूंच्या शक्तीची परीक्षा करून तिला शून्य ते पाच गुण देणे, दिवसागणिक तिची नोंद ठेवणे, लहान मुलाकडून खेळातून व्यायाम करवून घेणे, ही कौशल्ये या छत्राखाली उत्तम रीतीने वाढली. त्या पिढीचे ऋण महाराष्ट्रातील संपूर्ण व्यवसायावर आहे.

परंतु या व्यवस्थेची एक बाजू दुर्लक्षित राहिली. रुग्ण निदानासह येत असल्यामुळे, निदान झालेले नसताना काय करावे याचा सराव नवख्यास होत नसे. मुंबईत ही उणीव भासण्याचे कारण नव्हते. ती पुढे, रुग्णालयापासून दूर गेल्यावर, भासणार होती.

३. वऱ्हाड : निराळी पार्श्वभूमी

मुंबईचे विद्यालय सुरू झाले त्या वेळी अमरावती जिल्हा मुंबई राज्यात नव्हता. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला वऱ्हाड पुढे मध्य प्रांताशी जोडला गेला होता, आणि स्वातंत्र्यानंतर तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेश राज्याचा भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. मुंबईतील शिक्षणसंस्थांचा लाभ वऱ्हाडास उशिरा मिळण्यास ही राजकीय स्थितीही काही अंशी कारणीभूत झाली असावी.

तथापि, शरीरावर हाताने उपचार करण्याची परंपरा वऱ्हाडात नव्हती, असे समजणे चुकीचे होईल. गावोगावच्या आखाड्यांतील वस्ताद मुरगळलेला पाय, उसण भरलेली पाठ किंवा निखळलेला खांदा यांवर इलाज करीत. हाडवैद्य कामट्या बांधून मोडलेले हाड बसवीत. बाळंतिणीस व तान्ह्या मुलास मालिश करणाऱ्या स्त्रिया प्रत्येक गावी असत. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामास शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले, आणि १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या प्रसंगी त्याच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांचे प्रदर्शन केले. स्टॉकहोममध्ये शरीरशिक्षणातून उपचाराची शाखा फुटली, तशी ती अमरावतीत फुटली नाही. परंतु शरीराकडे पाहण्याची जाणती दृष्टी येथे होती. या साऱ्या परंपरांत चिठ्ठीस स्थान नव्हते. दुखणाईत मनुष्य सरळ ज्याच्या हाताला गुण आहे त्याच्याकडे जाई. वऱ्हाडातील रुग्ण आजही भौतिकोपचारकाकडे याच सवयीने येतो.

दुसरी पार्श्वभूमी कुष्ठरोगाची. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली विदर्भ महारोगी सेवा मंडळाच्या रूपाने अमरावतीजवळ तपोवनाच्या कार्यास आरंभ केला. त्याच सुमारास, १९४८ पासून, वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवर स्नायुबंध स्थलांतरित करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. या शस्त्रक्रियांचे यश केवळ शल्यज्ञाच्या सुरीवर अवलंबून नव्हते. जो स्नायू पूर्वी एक काम करीत होता त्यास दुसरे काम शिकवावे लागे, आणि हे शिकविणे भौतिकोपचारकाचे काम होते. मज्जातंतू चाचपून पाहणे, त्वचेची संवेदना तपासणे, हाताच्या व पायाच्या स्नायूंची वेळोवेळी परीक्षा करणे, ही कामे कुष्ठसेवेत दैनंदिन झाली. कुष्ठरोगाच्या क्षेत्रात भौतिकोपचारक हा रोगाची पहिली खूण ओळखणारा पहारेकरीही ठरला. या वारशाचे महत्त्व पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

४. शेंदूरजनाघाट : श्रम आणि दुखणे

शेंदूरजनाघाट हे वरुड तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसले आहे. अमरावती व नागपूर ही दोन्ही शहरे तेथून शंभर किलोमीटरांच्या आसपास आहेत. संत्र्याच्या बागांइतकीच संत्र्याच्या कलमांसाठी या गावाची ख्याती आहे. येथील रोपवाटिकांतून संत्र्याची कलमे दूरवर जातात.

कलमाचे काम शरीराच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, साल चिरून त्यात संत्र्याचा डोळा बसवावयाचा व तो बांधावयाचा. हे काम उकिडवे बसून, मान खाली घालून, बोटांच्या नेमक्या हालचालींनी तासन्‌तास चालते. बागेतील तोडणीचे कष्ट निराळ्या प्रकारचे. शिडीवर चढून हात डोक्यावर नेऊन फळे तोडणे, भरलेल्या टोपल्या व क्रेट उचलणे, ती वाहनांत रचणे. आंबिया बहाराची फळे साधारणतः दिवाळीच्या मागेपुढे आणि मृग बहाराची फळे उन्हाळ्याच्या तोंडावर निघतात. त्यातच कापसाची वेचणी येते. दुखणे हंगामात सुरू होते, परंतु उपचारास वेळ हंगाम सरल्यावर मिळतो. ज्याची मजुरी रोजावर आहे त्यास पंधरा दिवस रोज येऊन शेक घ्या, असे सांगणे म्हणजे उपचार नाकारण्यासारखेच होय.

अशा गावी दवाखाना उघडणाऱ्या नवख्या भौतिकोपचारकापुढे पहिली अडचण उभी राहते ती यंत्राची. रुग्ण करंट लावून मागतो, मशीनचा शेक मागतो, आणि यंत्र दिसले नाही तर दवाखान्याविषयी त्याचे मत प्रतिकूल होते. भांडवल घालून घेतलेल्या यंत्राचे हप्ते फेडावयाचे असल्यामुळे नवख्यासही त्याचा मोह पडतो. परंतु कंबरदुखीच्या उपचारात ध्वनिलहरी, विद्युतप्रवाह व ताण देणारी यंत्रे यांचा अवलंब करू नये, अशी शिफारस इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१६ साली केली; व्यायामास मात्र तिने अग्रस्थान दिले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, कलमे बांधणाऱ्या स्त्रीस एक दिवसाच्या भेटीत तीन व्यायाम नीट शिकविणे, उकिडवे बसण्याऐवजी लहान पाटाचा उपयोग सुचविणे, आणि दर अर्ध्या तासाने उठून कंबर सरळ करावयास सांगणे, हे दहा दिवसांच्या शेकापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे. त्यातून दवाखान्यास मिळणारे उत्पन्न कमी आहे, ही गोष्टही तितकीच खरी आहे. नवख्याची सचोटी प्रथम येथे पारखली जाते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पाऊल उचलता येत नाही, चालताना बोटे जमिनीस घासतात, अशी तक्रार घेऊन एखादा मजूर चिठ्ठीवाचून येतो. या एकाच लक्षणाची तीन कारणे त्या परिसरात सहज संभवतात. दीर्घकाळ उकिडवे बसल्याने गुडघ्याच्या बाहेरील बाजूस, नडगीलगतच्या बारीक हाडाच्या मानेवर, मज्जातंतू दाबला जातो. शेतमजुरांत हा प्रकार जगभर आढळला आहे. कमरेच्या मणक्यांतील चकती सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाब आल्यानेही पाऊल लुळे पडते. आणि तिसरे कारण कुष्ठरोग. हा रोगही नेमक्या त्याच ठिकाणी, गुडघ्याच्या बाहेरील बाजूस, त्याच मज्जातंतूस ग्रासतो.

तिन्हींत लुळेपणा सारखाच दिसतो, परंतु तिन्हींची वाट वेगळी आहे. पहिल्यात बसण्याची रीत बदलणे, पावलास आधार देणे व व्यायाम यांनी बहुधा सुधारणा होते. दुसऱ्यात शक्ती झपाट्याने घटत असेल, किंवा लघवीवरील ताबा सुटला असेल अथवा जांघेतील संवेदना गेली असेल, तर तातडीने शल्यज्ञाकडे पाठविणे अत्यावश्यक आहे. तिसऱ्यात बहुविध औषधयोजना तर हवीच. शिवाय मज्जातंतूची हानी नवी, साधारणतः सहा महिन्यांच्या आतील असेल, तर योग्य औषधांनी गेलेली शक्ती परत येण्याची आशा असते. ती मुदत टळली की पाऊल बहुधा कायमचे लुळे राहते. त्या सहा महिन्यांपैकी दोन महिने रुग्णाने शेक घेण्यात घालविले, तर त्याचा दोष यंत्रावर टाकता येणार नाही. राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या उरला नसल्याची घोषणा २००५ च्या अखेरीच्या स्थितीवरून करण्यात आली. परंतु विदर्भात नवे रुग्ण त्यानंतरही आढळत राहिले आहेत. समस्या संपल्याच्या घोषणेमुळे नव्या पिढीची नजर सैल पडण्याचा धोका असतो. तपोवन व वेल्लोर येथील परंपरेने दिलेली कौशल्ये, म्हणजे बधिर चट्टा शोधणे, गुडघ्याजवळील मज्जातंतू बोटाने चाचपून तो जाड झाला आहे काय हे पाहणे, या कामी उपयोगी पडतात. त्यांना यंत्र लागत नाही. पाच मिनिटे आणि शिकविलेले बोट लागते.

५. कायदा आणि जबाबदारी

चिठ्ठीचा नियम जगात अन्यत्र यापूर्वीच सैल झाला होता. ऑस्ट्रेलियातील संघटनेने १९७६ साली आपल्या नीतिनियमांतून त्याची सक्ती काढली आणि १९७८ साली जागतिक महासंघाने भौतिकोपचारकास प्रथमसंपर्काचा उपचारक म्हणून काम करण्याचा मार्ग मोकळा केला. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा २००२ चा अधिनियम २००४ साली अमलात येण्याच्या मार्गास लागून नोंदणीची व्यवस्था निर्माण झाली. केंद्र सरकारने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या साडेचार वर्षांच्या पदवीक्रमात उमेदवारीचा काळ सहा महिन्यांचा होता. २०२५ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने तो एक वर्षाचा ठरविला.

त्याच २०२५ सालच्या सप्टेंबरात भौतिकोपचारकांनी नावामागे डॉक्टर ही उपाधी लावावी की नाही, यावरून देशभर वाद झाला. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने विरोधी पत्र काढले आणि लगेच ते मागे घेतले. या वादात दोन्ही पक्षांचे लक्ष अधिकाराकडे होते. १८९४ सालच्या वादाशी त्याचे साम्य लक्षणीय आहे. तेव्हाही प्रश्न प्रतिष्ठेचा होता, आणि निदानाविषयी कोणी फारसे बोलत नव्हते. शेंदूरजनाघाटासारख्या गावात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. तेथे रुग्ण उपाधी पाहून येत नाही व चिठ्ठी घेऊनही येत नाही. प्रथमसंपर्काचा अधिकार कायद्याने द्यावा की नाही याची चर्चा चालू असता, प्रथमसंपर्काची जबाबदारी परिस्थितीने नवख्यावर आधीच टाकलेली असते.

यातून निघणारा निष्कर्ष शिक्षणासंबंधी आहे. उमेदवारीचा काळ वाढविणे योग्यच आहे. परंतु तो सर्वस्वी मोठ्या रुग्णालयाच्या छत्राखाली गेला, तर १९५३ ची उणीव अधिक दीर्घ मुदतीने पुन्हा निर्माण होईल. त्यातील काही महिने ग्रामीण रुग्णालयात, कुष्ठसेवेच्या एखाद्या केंद्रात आणि ऐन हंगामात बागेच्या बांधावर जावयास हवेत. निदान न होता आलेल्या रुग्णाची परीक्षा कशी करावी, आपला उपचार केव्हा सुरू करू नये, आणि कोणास कोठे व किती दिवसांत पाठवावे, हे तेथेच शिकता येईल.

लंडनमध्ये चिठ्ठी वैद्याकडून उपचारिकेकडे जात असे, आणि मुंबईतही तिची दिशा तीच राहिली. तालुक्याच्या गावी ती उलट दिशेने जाते. पाऊल लुळे पडलेल्या मजुरास तपासून, आढळलेल्या खुणा नेमक्या शब्दांत लिहून, त्यास अमरावतीस किंवा नागपुरास पाठविणारी चिठ्ठी आता नवख्या भौतिकोपचारकास स्वतः लिहावी लागते. ती वेळेवर व अचूक लिहिता येणे हीच त्याची उमेदवारी पूर्ण झाल्याची खूण मानावयास हरकत नाही.